स्पिटफायर नाईन विरुद्ध १९० आणि १०९: कोण कुणाला भारी, आणि कुठल्या उंचीवर

प्रश्न थोडक्यात असा आहे. तू गेममध्ये दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश फायटर स्पिटफायर मार्क नाईन उडवतोस, समोर बहुतेक वेळा जर्मन फोके-वुल्फ १९० नाहीतर मेसरश्मिट १०९ जी येतं, सगळे सांगतात की स्पिट वळण्यात दोघांनाही भारी आहे, तरी दहातल्या सात वेळा तूच पडतोस, आणि आता स्पिट सोडून अमेरिकन पी-५१ मस्टँग घ्यावं का असं तुझ्या मनात आहे. मी बरीच वर्षं हे विमानं लढवायचे कॉम्प्युटर गेम खेळतोय, वॉर थंडर, आयएल-२, मधे डीसीएसमधली जुनी प्रोपेलरवाली विमानंही उडवली, नवीन पोरांना शेजारी बसवून शिकवलंय, आणि हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की एकदा नीट सविस्तर लिहितोच.

आधी उत्तर सांगतो. विमान आत्ता बदलू नकोस. "स्पिट वळण्यात भारी आहे" हे अर्धंच वाक्य आहे, उरलेलं अर्धं म्हणजे कुठल्या उंचीवर, कुठल्या स्पीडला, आणि टाकीत किती पेट्रोल असताना. हे अर्धं कुणी सांगत नाही आणि माणूस तिथेच मरतो. दोन विमानांची तुलना म्हणजे क्रमवारी नव्हे, की एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. उंची आणि स्पीडप्रमाणे आकाशाचे तुकडे पडतात, काही तुकडे तुझे, काही त्याचे, आणि लढाई कुणाच्या तुकड्यात होणार हे ज्याने ठरवलं तो निम्मा जिंकला.

हे मी गेममधून काढलेलं तत्त्वज्ञान सांगत नाहीये, खऱ्या युद्धात हे मोजून बघितलं गेलंय. १९४१ मध्ये १९० पहिल्यांदा इंग्लिश खाडीवर दिसलं तेव्हा ब्रिटिशांचं स्पिट मार्क फाईव्ह त्याच्यापुढे सगळ्याच उंचीवर स्पीडला कमी पडायला लागलं, फक्त वळण्यात काय ते बरं होतं, आणि नुसतं वळून कुणी जिंकत नव्हतं कारण १९० वाला वळायचाच नाही, मारायचा आणि निघून जायचा. मग २३ जून १९४२ ला आर्मिन फाबर नावाचा जर्मन पायलट दिशा चुकून वेल्समधल्या पेम्ब्री विमानतळावर १९० घेऊन उतरला, विमान धडधाकट, आणि ब्रिटिशांनी ते नवीन आलेल्या मार्क नाईनसमोर उडवून पाहिलं. त्या चाचणीतले आकडे मला तोंडपाठ आहेत आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. साधारण ६०० मीटरवर १९० ताशी ११-१३ किलोमीटरने फास्ट. १५०० मीटरवर दोघं सारखे. २४०० ला स्पिट १३ ने पुढे. ४६०० ला स्पिट ८ ने पुढे. ५५०० ला परत १९० पुढे, पण फक्त ५ ने. ६४०० ला सारखे. ७६०० ला स्पिट ८ ते ११ ने पुढे. म्हणजे जमिनीपासून वर जाताना आघाडी तीनदा हात बदलते! आता सांग, या दोघांत "फास्ट विमान कोणतं" या प्रश्नाला काही अर्थ राहिला का.

असं का होतं ते समजून घे, कारण मग प्रत्येक जोडीसाठी पाठांतर करावं लागत नाही. वर हवा विरळ, म्हणून इंजिनात हवा दाबून भरायला सुपरचार्जर लागतो. मार्क नाईनच्या मर्लिन इंजिनात सुपरचार्जर दोन टप्प्यांचा आहे आणि त्याला दोन गिअर आहेत, १९० च्या बीएमडब्ल्यू ८०१ मध्ये गिअर दोनच पण टप्पा एकच. प्रत्येक गिअरची एक आवडती उंची असते, तिथपर्यंत पॉवर टिकते आणि त्याच्या वर गेलं की पडायला लागते, मग दुसरा गिअर पडतो आणि परत थोडी सावरते. दोन इंजिनांचे हे चढउतार वेगवेगळ्या उंचीवर येतात, म्हणून ती आघाडी अशी अदलाबदल होते. ६ हजार मीटरच्या वर बीएमडब्ल्यूचा दम सुटत जातो आणि दोन टप्पेवालं मर्लिन अजून जोरात असतं, म्हणून तिथून वरचं आकाश तुझं. १०९ चं डीबी ६०५ इंजिन आणखी वेगळं, त्याच्या सुपरचार्जरला ठरावीक गिअर नाहीत, तेलाच्या कपलिंगमधून तो हळूहळू वेग बदलत जातो, म्हणून त्याच्या पॉवरमध्ये खड्डे कमी. स्पिट ज्या उंचीवर दोन गिअरच्या मधल्या खड्ड्यात असतं तिथे १०९ अचानक जास्त जिवंत वाटतं, ते हेच.

आता एनर्जी. हा शब्द सगळे वापरतात पण आकडा कुणी काढत नाही, आणि आकडा काढल्याशिवाय तो शब्द कामाचा नाही. स्पीड उंचीत बदलता येतो आणि उंची स्पीडमध्ये, हिशोब शाळेतलाच आहे, स्पीडचा (मीटर प्रति सेकंदात) वर्ग भागिले दोन जी, जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा आकडा. ताशी ३०० किलोमीटर म्हणजे साधारण ३५० मीटर उंची. ४०० म्हणजे ६३० मीटर. ५०० म्हणजे ९८० मीटर. ६०० म्हणजे १४०० मीटर. हवेचा अडथळा आणि इंजिनाचा जोर धरलेला नाही, पण अंदाज यायला पुरे. वर्ग असल्यामुळे वरच्या शंभरची किंमत खालच्या शंभरपेक्षा जास्त, ३०० वरून ४०० ला गेलास तर २८० मीटर कमावलेस, ५०० वरून ६०० ला गेलास तर सव्वाचारशे. म्हणून समोरचा तुझ्याच उंचीवर आहे असं दिसलं तरी तो ६०० ने येत असेल आणि तू ३०० ने रमतगमत चढत असशील तर तो प्रत्यक्षात तुझ्या एक किलोमीटर वर आहे असंच समज.

दुसरा आकडा वळण्याचा. माणसाचं डोकं साधारण ६ जी ला, म्हणजे वळणात अंगावर सहापट वजन आलं की, काळोखात जातं आणि गेममध्येही पायलटला तेच होतं, विमान कुठलंही असो. तुझा स्टॉल स्पीड, म्हणजे ज्याच्या खाली विमान हवेत टिकत नाही तो, समज १६० असेल, तर ६ जी खेचायला लागणारा कमीत कमी स्पीड म्हणजे १६० गुणिले सहाचं वर्गमूळ, म्हणजे ३९० च्या आसपास. या स्पीडला कॉर्नर स्पीड म्हणतात आणि इथे तुझं वळण सगळ्यात कडक बसतं, सेकंदाला ३० अंश, त्रिज्या २०० मीटर. तेच ६ जी तू ६०० च्या स्पीडला खेचलेस तर सेकंदाला २० अंश आणि त्रिज्या ४८० मीटर. आणि २५० ला असलास तर ६ जी मिळणारच नाहीत, आधी पंख थरथरतील. आता कळतंय का सगळे सांगतात ते भारी वळण कुठे असतं? ३५० ते ४२० च्या पट्ट्यात. तू ५५० ने डाईव्ह मारून १९० च्या मागे वळायला गेलास तर तुझं सगळ्यात मोठं हत्यार तू घरी ठेवून आलास.

उंचीवर हे आणखी बिघडतं. स्पीडचा काटा ४०० दाखवत असला तरी ७००० मीटरवर खरा स्पीड ५७५ च्या आसपास असतो कारण काटा हवेच्या दाबावर चालतो, आणि वळणाची त्रिज्या खऱ्या स्पीडवर ठरते, म्हणजे तेच वळण दुप्पट मोठं होतं. वर टर्न फाइट फार कमी वेळा निकाल लावते, तिथे चढाई आणि स्पीडच बघायचा.

आता जोडी एक, तू आणि १९०. पंखावरचा भार बघ, स्पिट नाईनला एका चौरस मीटरला साधारण १५० किलो, १९० च्या ए-८ मॉडेलला २४० च्या आसपास, एवढा फरक आहे म्हणून वळण तुझं. पण रोल, म्हणजे पंख वर-खाली करत कुशीवर फिरणं, त्याचा, आणि भरपूर त्याचा. ताशी ४०० च्या आसपास तो सेकंदाला १६० अंशांपर्यंत रोल होतो, तू त्याच्या जवळपासही नाहीस, आणि स्पीड वाढला की तुझे एलेरॉन, म्हणजे रोल करवणाऱ्या पंखावरच्या फळ्या, अजून जड होतात. डाईव्हमध्ये सुरुवातीला तो तुझ्यापेक्षा पटकन सुटतो. आणि त्याची एक खोड आहे, वळणात जास्त खेचलं की काही इशारा न देता अचानक एक पंख पडतो आणि विमान उलटं होतं, त्यामुळे चांगला १९० वाला खालच्या स्पीडला वळायलाच घाबरतो.

एक पास, म्हणजे झेप घेऊन, मारून निघून जायची एक फेरी, जवळून दाखवतो, कारण माझ्या अनुभवात नवीन पोरं मरतात ती इथेच. मी ३००० मीटरवर, स्पीड ३८०, सरळ चाललोय. मागे वर ६०० मीटरवर १९०, तो नाक खाली करतो. मी काय करत नाही ते आधी ऐक: लगेच वळत नाही. तो दीड किलोमीटरवर असताना वळलो तर तो आरामात नाक फिरवून मी पुढे जिथे असेन तिथे नेम धरेल (लीड घेईल), त्याला कष्टच नाहीत. मी नाक किंचित खाली करून स्पीड ४०० करतो आणि मान मागे ठेवून मोजत बसतो. एक किलोमीटर, अजून नाही. आठशे, अजून नाही, आता हाताला घाम येतो, येऊ दे. सहाशे मीटरला त्याचे पंख स्पष्ट दिसायला लागतात, आता तो फायर करणार, आणि आता मी पूर्ण रोल देऊन कडक खेचतो. तो ६०० ने येतोय, त्याची त्रिज्या ४८० मीटर, माझी २००, तो आत येऊच शकत नाही. त्याच्या चमकणाऱ्या गोळ्या, ट्रेसर, माझ्या बाहेरून जातात, तो माझ्या मागून सर्रकन निघतो आणि नाक वर करतो.

आणि हा तो क्षण आहे. तो समोर वर जाताना दिसतो, पूर्ण पाठ दाखवत, आणि हात आपोआप स्टिक (विमान वळवायचा दांडा) मागे घेतात. घ्यायची नाही! त्या कडक वळणात माझा स्पीड २८० झालाय, म्हणजे माझ्या खिशात ३०० मीटर, आणि त्याच्या खिशात १४००. मी त्याच्या मागे वर गेलो तर ३०० मीटरवर हवेत लटकेन, थरथरेन, आणि तो वरून निवांत वळून खाली येईल, मग मला वळायला स्पीड नसेल. तुझ्या दहातल्या सातमधल्या बहुतेक मरणांचा शेवट हाच असणार हे मी तुझे रिप्ले न बघता सांगतो.

त्याऐवजी मी वळण सोडतो, पंख सपाट करतो, नाक थोडं खाली, पुन्हा ४०० करतो, आणि तो जिकडे वर चाललाय त्याच्या उलट दिशेला त्याच्या पोटाखालून निघतो. त्याला परत यायचं तर वर जाऊन पूर्ण उलटं वळावं लागतं आणि त्या वळणाच्या टोकाला तो सगळ्यात हळू असतो. तेवढे आठ-दहा सेकंद माझे, त्यात मी सरळ हलकं चढतो. तो परत येतो, परत सहाशे मीटर, परत वळण. प्रत्येक फेरीत त्याची थोडी उंची जाते आणि माझी तेवढी जात नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीला ६०० मीटरची आघाडी दोनशेवर आलेली असते आणि समोरच्याचा धीर सुटतो, तो एकदा माझ्यासोबत वळायला बघतो. तिथे तो माझ्या तुकड्यात आला.

आला तरी एक सांभाळ. १९० वाला मागे तू दिसलास की डावीकडे रोल, उजवीकडे रोल, परत डावीकडे असं करेल. त्याच्या प्रत्येक रोलच्या मागे लागू नकोस. तू निम्मा रोल होईपर्यंत तो परत फिरलेला असेल आणि तूच त्याच्या पुढे जाशील. एक बाजू पकड, थोडं वर राहा, थ्रॉटल किंचित कमी कर, आणि तो परत तुझ्या बाजूला येईल तेव्हा मार. आणि तो उलटा होऊन सरळ खाली गेला तर जाऊ दे. खरोखर जाऊ दे. त्याच्या मागे खाली ६०० मीटरवर गेलास तर वरचे आकडे परत वाच, तिथे तो तुझ्यापेक्षा फास्ट आहे आणि तू आता त्याच्या घरात आहेस.

जोडी दोन, १०९ जी. इथे अडचण वेगळी आहे आणि लोक दोन्ही जर्मन विमानं एकाच पद्धतीने खेळतात तिथे फसतात. १०९ रोलमध्ये १९० सारखं नाही, पण ते चढतं, आणि कमी स्पीडला फार शहाणं वागतं. पंखाच्या पुढच्या कडेला आपोआप उघडणाऱ्या पट्ट्या आहेत, स्लॅट्स, स्टॉल जवळ आला की त्या बाहेर येतात आणि विमान अजून थोडं पकडून राहतं. १९० कमी स्पीडला वळायला घाबरतं, १०९ घाबरत नाही. वळण शेवटी तुझंच आहे, पण फरक कमी आहे आणि तो वसूल करायला दोन-तीन पूर्ण चकरा लागतात, तेवढ्यात त्याचा मित्र येतो. चांगला १०९ वाला काय करतो, तुला वळायला लावतो, तुझा स्पीड घालवतो, आणि मग एका मोठ्या गोल चढाईत वर जायला लागतो, तू मागे मागे, तुझं नाक त्याच्यावर यायला अगदी थोडंच कमी पडतंय, अजून थोडं, अजून थोडं, आणि तुझं विमान पडतं. सारख्या एनर्जीने सुरुवात झाली तर नाईन चढाईत १०९ जी च्या मागे पडायचं कारण नाही, पण आधी वळून स्पीड घालवलास की ती शर्यत तू आधीच हरलेला असतोस. त्यामुळे त्याची गोल चढाई दिसली आणि तुझा स्पीड ३०० च्या खाली असेल तर नाक खाली घालून निघ.

मात्र १०९ चा एक तुकडा पूर्ण तुझा आहे, जास्त स्पीडचा. त्याची स्टिक स्पीड वाढला की दगडासारखी होते, ताशी ६५० ला त्याला नाक वर आणायलाही झगडावं लागतं. तुझे एलेरॉन त्या स्पीडला जड असतात पण नाक वर-खाली करणारं एलेव्हेटर हलकंच राहतं. म्हणून १०९ मागे लागलं आणि खाली उंची शिल्लक असेल तर डाईव्ह मारून खेचून वर ये, तो तुझ्याएवढं खेचू शकणार नाही. हे १९० समोर करू नकोस! हीच गंमत आहे जोड्यांची, एका समोर जे जीव वाचवतं तेच दुसऱ्यासमोर जीव घेतं.

कुणीतरी तुला असंही सांगितलं असेल की १०९ ने नाक झटकन खाली घातलं की स्पिटचं इंजिन बंद पडतं. ते १९४० च्या मार्क वनचं. त्याच्या मर्लिनला फ्लोटवालं कार्ब्युरेटर होतं, उलटा जी आला की इंजिन खोकायचं, आणि १०९ ई ला पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जायचं म्हणून त्याला काही व्हायचं नाही. १९४१ मध्ये बिअॅट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी पेट्रोलच्या वाटेत एक छोटी छिद्राची चकती बसवून तो त्रास बराच कमी केला, आणि नाईनमध्ये येणाऱ्या मर्लिन ६६ ला तर कार्ब्युरेटरच वेगळा आला. तुझ्या नाईनसाठी हा सल्ला जुना झाला.

तोफांचं थोडक्यात. स्पिटच्या दोन हिस्पानो तोफांचा गोळा सेकंदाला साडेआठशे मीटरच्या आसपास निघतो, १०९ च्या ३० मिलिमीटर एमके १०८ चा जेमतेम ५४०. चारशे मीटरवरच्या निशाण्याला, हवेचा अडथळा सोडला तरी, हिस्पानोचा गोळा मीटरभर खाली जातो आणि एमके १०८ चा पावणेतीन मीटर. म्हणून १०९ वाल्याला एकच गोळा पुरतो पण तो त्याला जवळून मारावा लागतो, आणि लांबून वळणारा निशाणा त्याला कठीण. तू सतत वळत राहिलास तर तो रिकामा होतो, त्याच्याकडे ६५ च गोळे आहेत. उलट त्याची तोफ नाकात आहे त्यामुळे त्याला कन्व्हर्जन्सची, म्हणजे दोन बाजूंचे गोळे कुठे एकत्र येतात याची, चिंता नाही, तुझ्या तोफा पंखात आहेत, ठरवलेल्या अंतराच्या निम्म्यावर किंवा दुप्पट अंतरावर मारलंस तर गोळे दोन्ही बाजूंनी निघून जातात. २५० मीटर ठेव आणि तेवढं जवळ जायची सवय कर. हेड-ऑन, म्हणजे समोरासमोरची धडक, घेऊ नकोस, १९० समोर तर अजिबात नको, त्याच्या नाकात हवेवर थंड होणारं जाडजूड इंजिन आहे आणि तुझ्या नाकात पाण्यावर थंड होणारं, एक गोळी रेडिएटरमध्ये गेली की तुझं घड्याळ सुरू झालं.

मग मस्टँग. पी-५१डी सुंदर विमान आहे, ७६०० मीटरच्या आसपास ताशी ७०० किलोमीटर, डाईव्हमध्ये स्थिर, जास्त स्पीडला रोल चांगला. पण तुझी सवय वळायची आहे, स्पीड गेल्यावर स्पिट तुला माफ करतं, मस्टँग करत नाही, आणि चढाईतही ते स्पिटच्या मागे आहे. गेलेला स्पीड परत मिळवायला त्याला फार वेळ लागतो. त्यात सगळे पूर्ण टाकी भरून उठतात. पायलटच्या पाठीमागे ३२० लिटरची एक टाकी आहे, ती भरलेली असताना विमानाचा तोल मागे जातो आणि कडक वळणात नाक स्वतःच आत घुसायला लागतं, खरे पायलटसुद्धा ती आधी रिकामी करायचे. ते विमान बर्लिनपर्यंत जाऊन यायला बनवलेलं, तुला वीस मिनिटं लढायचंय, तेवढंच पेट्रोल घे. मस्टँग घ्यायचंच असेल तर आधी स्पिटमध्ये वर सांगितलेली "मागे वर जायचं नाही" ही शिस्त बसव, मग घे.

ही तुकड्यांची गोष्ट सगळ्यात उघडी दिसते ती झिरो या जपानी फायटरमध्ये. पंखावर भार चौरस मीटरला ११० किलोच्याही आत, कमी स्पीडला त्याच्याशी वळायला जाणं म्हणजे आपणहून मान देणं. ४ जून १९४२ ला अल्यूशियन बेटांमधल्या अकुतानवर एक झिरो दलदलीत उलटं झालं, अमेरिकनांना ते जवळजवळ अख्खं मिळालं, आणि सप्टेंबरमध्ये सॅन दिएगोला ते उडवल्यावर कळलं की स्पीड वाढला की त्याचे एलेरॉन इतके जड होतात की रोल होतच नाही, त्यातही उजवीकडे डावीपेक्षा कठीण, आणि उलट्या जी ला इंजिन खोकतं. म्हणजे उपाय सरळ: नाक खाली, स्पीड वाढव, उजवीकडे रोल. अमेरिकनांचं हेलकॅट त्या झिरोचा अभ्यास करून बनवलं असं बरेच जण सांगतात, ते खरं नाही, हेलकॅटचा पहिला नमुना २६ जून १९४२ ला उडाला तेव्हा ते झिरो अजून दलदलीतच पडलेलं होतं. आणि त्याआधी मिडवेच्या लढाईत जॉन थॅच या अमेरिकन पायलटने वाइल्डकॅटसारख्या हळू विमानातून झिरोला रोखलं ते दोघांनी एकमेकांकडे वळत राहून, एकाच्या मागे झिरो लागलं की ते आपसूक दुसऱ्याच्या मशीनगनसमोर. मला विचारशील तर विमान बदलण्यापेक्षा एक जोडीदार शोधणं जास्त फायद्याचं आहे.

यॅक-३ आणि ला-७ या रशियन विमानांबद्दल एवढंच की पूर्वेकडची हवाई लढाई बहुतांशी खाली झाली आणि ही विमानं त्याच हवेसाठी आहेत. खाली त्यांना छेडू नकोस, वर ती हळूहळू मरगळतात.

पुढे जेट्सला गेलास तरी हिशोब तोच राहतो. कोरियाच्या युद्धात रशियन मिग-१५ चढाईत आणि किती उंच जाता येतं त्यात अमेरिकन सेबरला भारी, पण माक ०.९२ ला, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ०.९२ पटीला, त्याचे एअरब्रेक आपोआप उघडायचे, सेबर डाईव्हमध्ये आवाजाच्या पुढे जायचं आणि त्या स्पीडलाही त्याची पूर्ण फिरणारी शेपटी काम करायची. वर मिगचा तुकडा, खाली जोरात जाताना सेबरचा.

आता तू काय कर ते. ऑफलाइन टेस्ट फ्लाइट उघड, अर्धी टाकी घे, १००० मीटरवर जा. पंख सपाट, थ्रॉटल बंद, नाक धरून ठेव आणि कुठल्या स्पीडला पडतं ते लिही, त्याला अडीचने गुण, तो तुझा कॉर्नर स्पीड. मग पूर्ण थ्रॉटलला उंची न सोडता एक पूर्ण चक्कर मार, घड्याळ लाव, चौथ्या-पाचव्या चकरेचा वेळ लिही, कारण पहिल्या चकरेत जमवलेला स्पीड खर्च होत असतो आणि आकडा खोटा चांगला येतो. हेच ५००० ला कर. मग १९० आणि १०९ घेऊन तेच कर, हो, शत्रूचीही उडव, किमान दोन संध्याकाळ. कुठे थरथरतात, कुठे स्टिक जड होते हे हाताला कळलं की समोरचा कधी घाबरलाय ते तुला लांबून दिसायला लागतं. हे आकडे प्रत्येक गेममध्ये थोडे वेगळे निघतील, वॉर थंडरच्या रिअलिस्टिक मोडमध्ये माऊसने उडवताना विमान तुझ्यासाठी बरंच सांभाळून घेतलं जातं आणि सिम्युलेटर मोडमध्ये नाही, म्हणून माझे आकडे न घेता तुझ्या मोडमध्ये तुझेच काढ.

आणि पुढचे दहा सॉर्टी, म्हणजे उड्डाणं, एकाच नियमाने खेळ: १९० दिसलं तर २४०० ते ४६०० च्या मधे किंवा ७००० च्या वर, स्पीड ३८० च्या खाली नाही, आणि पास चुकवल्यावर वर जाणाऱ्याच्या मागे नाक उचलायचं नाही, कितीही जवळ दिसला तरी. पहिले दोन-तीन तरी तू उचलशीलच, सवय आहे ती. प्रत्येक मरणानंतर रिप्लेत फक्त एकच जागा बघ, वळण संपल्यावर स्टिक मागे घेतलीस तेव्हा स्पीडचा काटा किती दाखवत होता, आणि तो आकडा कागदावर लिहून ठेव.